सहभाग आणि भागीदारी : विदेशी साहाय्याच्या विकासप्रकल्पांतील जालन्याची शेतकरी स्त्री

विकासप्रकल्पांच्या वाङ्मयात ‘सहभाग’ या शब्दाला गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे, ती त्याच्या अर्थसंपत्तीमुळे की अर्थशैथिल्यामुळे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. प्रकल्पाचा आराखडा रोम येथे सिद्ध झालेला असो, वॉशिंग्टन येथे असो वा फ्रँकफुर्ट येथे असो, त्यात स्त्रियांचा सहभाग वाढविण्याचे एक कलम असते. आणि त्या कलमाची पूर्तता झाली असे दाखविणारा एक तक्ता पुढे अहवालास जोडलेला असतो. सभेस उपस्थित स्त्रिया इतक्या, समितीवर नियुक्त स्त्रिया इतक्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया इतक्या. या संख्या खोट्या असतात असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. त्या खऱ्या असूनही त्यांतून जे कळावयास हवे ते कळत नाही, एवढेच म्हणावयाचे आहे. आणि हा दोष मोजणाराचा नसून ज्या शब्दाने मोजावयाचे त्या शब्दाचा आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

मराठीत ‘भाग’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. एक ‘वाटा’ हा, आणि दुसरा ‘भाग घेणे’ या प्रयोगातील. पहिला जुना, मालमत्तेच्या व्यवहारातला. भाऊबंदकीत, बटाईत, दुकानदारीत वावरणारा. दुसरा बराच अर्वाचीन, सभासंमेलनांतला. पहिल्यातून ‘भागीदार’ हा शब्द निघाला, दुसऱ्यातून ‘सहभागी’. भागीदाराला नफ्यातोट्याचा हिशेब मागता येतो, वही पाहता येते, आणि पटले नाही तर आपला हिस्सा तोडून घेता येतो. सहभाग्याला यांतले काहीच करता येत नाही. त्याने उपस्थित राहावयाचे, श्रम करावयाचे, आणि यादीत सही किंवा अंगठा द्यावयाचा. प्रकल्पवाङ्मय ‘सहभाग’ लिहिते तेव्हा वाचकाच्या मनात पहिल्या अर्थाची छाया पडते, परंतु व्यवहार दुसऱ्या अर्थाने होतो. या दोन अर्थांमधील अंतर जालना जिल्ह्यात आलेल्या काही प्रकल्पांच्या आधारे तपासावयाचे आहे. त्यासाठी आफ्रिकेचाही आधार घ्यावा लागेल. कारण विदेशी साहाय्याच्या शेतीप्रकल्पांत स्त्रीचे स्थान कोणते, हा प्रश्न अभ्यासाचा विषय झाला तो प्रामुख्याने सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांच्या अनुभवातून.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील प्रदेश मिळून जालना जिल्हा निर्माण झाला. भोकरदन-जाफराबादकडची पूर्णाकाठची जमीन, मधली दुधना-कुंडलिकेची खोरी, दक्षिणेस अंबड-घनसावंगीच्या सीमेवरील गोदावरी. परंतु एकंदरीत प्रदेश अवर्षणाचा, कापूस, सोयाबीन, तूर आणि मोसंबी यांचा. येथे शेतीची जी कामे हाताने होतात त्यांतील खुरपणी आणि कापसाची वेचणी ही जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांची. पेरणीच्या वेळी तिफणीमागे सरते धरून चालणारीही पुष्कळदा स्त्रीच. जालना शहर बियाणांच्या व्यवसायाकरिता देशभर ओळखले जाते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ची स्थापना केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या गौरवाबद्दल वाद नाही. परंतु संकरित कपाशीचे बी तयार करावयाचे तर प्रत्येक कळीतील पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या दिवशी तिच्यावर पराग घासावा लागतो, आणि हे काम करणारी बोटे बहुतांशी स्त्रियांची आणि मुलींची असतात, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

असे असूनही या स्त्रीला काय म्हणावे, याविषयी मराठी भाषाच संकोचलेली दिसते. ‘शेतकरीण’ हा शब्द आहे. पण पाटलीण, सुतारीण, कुंभारीण यांच्याप्रमाणे तो ‘शेतकऱ्याची बायको’ या अर्थाकडे झुकतो. म्हणून शासकीय मराठीला ‘महिला शेतकरी’ असा जोडशब्द घडवावा लागला. मराठवाड्यात रूढ असलेला ‘कास्तकार’ हा शब्द, निजामी अमलातला ‘पट्टेदार’ आणि आजचा ‘खातेदार’ हे तिन्ही व्यवहारात पुल्लिंगीच आहेत. गावात बाईविषयी विचारले तर ती ‘कामाला जाते’ असे उत्तर मिळते, स्वतःच्या घरच्या रानात राबणारी असली तरीही. ‘शेती करतो’ तो तिचा नवरा. याहून बोलका शब्द ऊसतोडीच्या व्यवहारातला. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतून दर हिवाळ्यात पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जी कुटुंबे जातात, त्यांची मोजणी ‘कोयत्या’ने होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल त्या कोयत्याच्या नावे दिली जाते आणि ती घेतो पुरुष. अर्ध्या कोयत्याला स्वतःचे नाव नाही.

प्रकल्पांनी या शब्दांत आणखी एकाची भर घातली : ‘लाभार्थी’. विद्यार्थी म्हणजे विद्या इच्छिणारा, तसा लाभार्थी म्हणजे लाभ इच्छिणारा, खरे पाहता मागणारा. ज्याला लाभ झाला तो ‘लब्धलाभ’ म्हणावयास हवा होता. परंतु कार्यालयीन भाषेत मागणारा आणि मिळालेला यांतला भेद पुसला गेला, आणि लाभार्थ्यांची संख्या हीच लाभाची संख्या होऊन बसली. हा शब्दच्छल वाटेल. तो नाही, हे पुढे दिसेल.

विदेशातून आलेल्या साहाय्याची या भागातील जुनी आठवण म्हणजे १९७२ चा दुष्काळ. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी यांचा उल्लेख आजही वृद्ध माणसांच्या बोलण्यात येतो. खडी फोडणाऱ्या आणि पाझरतलावांवर माती वाहणाऱ्या मजुरांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. त्या काळाविषयी एक गोष्ट सहसा नोंदविली जात नाही. दुष्काळी कामांचा, आणि पुढे १९७७ च्या कायद्याने स्थिर झालेल्या रोजगार हमी योजनेचा, हजेरीपट हा बहुधा पहिला सरकारी कागद, ज्यावर ग्रामीण स्त्रीचे नाव ती कोणाची बायको म्हणून नव्हे, तर काम करणारी व्यक्ती म्हणून लिहिले गेले. तो हजेरीपट मुकादमाच्या हातचा आणि अनेक गैरव्यवहारांनी बरबटलेला असे, हे खरे. तरी मापाप्रमाणे मजुरी, आणि ती तिच्या नावावर, हे तत्त्व त्यात होते. पुढील काळातील अधिक सुसंस्कृत प्रकल्पांनी हे तत्त्व जपले की सोडले, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोचतो.

१९९० च्या दशकात भारत-जर्मन पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम महाराष्ट्रात सुरू झाला. जेसुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या कार्यक्रमाला जर्मनीचे आर्थिक साहाय्य होते आणि नाबार्ड त्याच्या कारभारात सहभागी होती. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव या कार्यक्रमातून पुढे आले. तेथील काम खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राने, म्हणजे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने, केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, पाणी मुरले, शेततळी झाली, आणि ज्या शिवारात कोरडवाहू पिकांपलीकडे काही येत नसे तेथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. या यशाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दुष्काळी वर्षांतही तगून राहिलेले गाव म्हणून कडवंचीचा उल्लेख होतो, तो योग्यच होय.

परंतु समीक्षकाने यशाच्या आतली वाटणीही पाहिली पाहिजे. पाणलोटाच्या या कार्यक्रमात गावाने काही अटी पाळावयाच्या असत. श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि मोकाट चराईस बंदी या त्यांपैकी प्रमुख. या अटींचे शास्त्रीय समर्थन निर्विवाद आहे. गवत वाढल्याशिवाय माती थांबत नाही. मात्र त्यांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. डोंगरउतारावरून सरपण आणणारी स्त्री आणि पाच-सात शेळ्यांवर घरखर्च भागविणारी भूमिहीन स्त्री यांच्यावर तो आधी पडतो, आणि मुरलेल्या पाण्याचा लाभ खालच्या बाजूस विहीर असणाऱ्यास आधी होतो. पाणी जमिनीच्या मागे जाते, आणि जमीन नावाच्या मागे. कार्यक्रमाच्या कर्त्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. ग्राम पाणलोट समितीत स्त्रियांना स्थान देणे, बचत गटांच्या संयुक्त महिला समित्या स्थापन करणे, हे उपाय त्या जाणिवेतूनच आले. पण त्यांचे स्वरूप पाहा : गेलेल्या शेळीच्या जागी समितीवरील जागा.

द्राक्षबागेने आणखी एक पालट घडविला. पाण्यासाठीची वणवण कमी झाली, हा स्त्रीचा निश्चित लाभ; तो कमी लेखणाराने डोक्यावर हंडा घेतलेला नसतो. त्याचबरोबर घडांची विरळणी, संजीवकात घड बुडविणे, छाटणीनंतरची फूटकाढणी ही नाजूक, वेळेला बांधलेली कामे वाढली आणि ती बहुतांशी स्त्रियांच्या हाती आली. ज्या घरची बाग, तेथे हे काम घरचे म्हणून बिनमोल. ज्या घरी बाग नाही, तेथील स्त्रीला रोजगार. म्हणजे एकाच पाण्याने एका स्त्रीचे काम वाढविले आणि दुसरीला मजुरी मिळवून दिली. ‘स्त्रियांचा सहभाग’ या एका रकान्यात या दोघी एकत्र बसविल्या तर दोघींविषयीही काही सांगितल्यासारखे होत नाही.

यापुढचा प्रकल्प आकाराने फार मोठा. नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प, अर्थात ‘पोकरा’, याच्या पहिल्या टप्प्यास जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. जालन्यासह मराठवाड्यातील आठ, विदर्भातील सहा आणि जळगाव अशा १५ जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे त्यात होती. बदलत्या हवामानास तोंड देता यावे म्हणून शेततळे, ठिबक, तुषार, फळबाग, शेडनेट इत्यादींसाठी अनुदान, आणि ते थेट लाभार्थ्याच्या आधारसंलग्न बँकखात्यात. गावोगाव ग्राम कृषि संजीवनी समिती. तिचा अध्यक्ष सरपंच. तिच्यात स्त्रियांसाठी राखून ठेवलेली स्थाने. कागदावर पाहिले तर या आधीच्या कोणत्याही प्रकल्पाहून ही रचना अधिक पारदर्शक आहे, आणि मध्यस्थाच्या हातून पैसा जात नाही हा तिचा मोठाच गुण होय.

मात्र वैयक्तिक लाभाच्या अर्जास लागणारे मुख्य कागद दोन : सातबारा आणि आठ-अ. ज्याचे नाव या कागदांवर, तो अर्जदार. २०१५-१६ च्या कृषिगणनेत संपूर्ण भारतात वहितीखातेदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. म्हणजे प्रकल्पाने स्त्रीस वगळले नाही. तहसील कार्यालयाने तिला आधीच वगळलेले होते, आणि प्रकल्पाने त्या कार्यालयाची यादी आपली म्हणून स्वीकारली. दुसरी अडचण पैशाची. पूर्वसंमती मिळाल्यावर काम आधी स्वखर्चाने करावयाचे, मोका तपासणी झाल्यावर अनुदान खात्यात येणार. नावावर जमीन असलेल्या विधवेलाही हा मधला काळ निभावणे कठीण. तेवढी रक्कम उसनी कोण देणार? जिच्या नावावर जमीन नाही तिच्यासाठी दुसरे दार आहे. भूमिहीन, विधवा, परित्यक्ता यांना शेळीपालन, परसातील कुक्कुटपालन यांसाठी साहाय्य. एका पिढीपूर्वीच्या पाणलोट कार्यक्रमात जी शेळी डोंगरावरून खाली आणली, ती या प्रकल्पात अनुदानाने परत आली. दोन्ही वेळच्या निर्णयांची कारणे आपापल्या जागी समर्थनीय असतील. पण दोन्ही वेळा शेळीवालीला विचारून निर्णय झाला होता का, हे इतिवृत्तांत शोधावे लागेल.

इतिवृत्त, म्हणजे सभांचे वृत्त, हेही काळाशी बांधलेले असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीसाठी घर सोडलेली जोडपी मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ज्या महिन्यांत गावात आराखडे, शिवारफेऱ्या आणि सभा करणे कार्यालयास सोयीचे, त्याच महिन्यांत गावातील सर्वांत गरजू स्त्रिया फडावर असतात. नेमलेली प्रतिनिधी अनुपस्थित, आणि तिच्या जागी घरातील पुरुषाची सही, हे दृश्य केवळ पुरुषी वर्चस्वाचे नव्हे, पंचांगाचेही आहे.

या सर्वावर एक सरळ उपाय सुचतो : जमीन स्त्रीच्या नावावर करा. हा विचार महाराष्ट्रास नवा नाही, आणि तो कोणा विदेशी तज्ज्ञाने आणलेलाही नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे भरले. त्यानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम हाती घेतली. ज्या गावात शंभर कास्तकार आपल्या जमिनीचा हिस्सा स्वखुशीने पत्नीच्या नावे करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव, अशी तिची कल्पना. १९९२ मध्ये शासनाने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याविषयी परिपत्रक काढले. पुढे १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींचा वारसाहक्कही विस्तारला; तरी भावाच्या नावे हक्कसोड करून देणाऱ्या बहिणींची रांग तलाठ्याच्या दारी काही थांबली नाही. लक्ष्मीमुक्तीचे वैशिष्ट्य असे की, तिने सहभागाची भाषा केली नाही, घरातील ऋणाची केली. लक्ष्मीचे देणे चुकते करावयाचे आहे, असे ती पुरुषाला सांगत होती. तिचा प्रसार मर्यादित राहिला, आणि तिचा पाया पुरुषाच्या औदार्यावर होता, ही तिची दुर्बलता. परंतु प्रश्न तिने अचूक ठिकाणी मांडला होता.

नाव लागले म्हणजे काम झाले काय? येथे आफ्रिकेकडे वळावयास हवे. डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरूप यांचा आर्थिक विकासातील स्त्रीच्या भूमिकेवरील ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील कुदळीची शेती ही मुख्यतः स्त्रियांची शेती आहे. वसाहतवादी अधिकाऱ्यांनी आणि नंतरच्या सल्लागारांनी ती पुरुषांची समजून जमीन, नवे तंत्र आणि शिक्षण पुरुषांच्या हाती दिले, व त्यामुळे स्त्री मागे पडली, असे त्यांच्या प्रतिपादनाचे एक मुख्य सूत्र. नांगराच्या शेतीस त्यांनी पुरुषप्रधान शेतीच्या वर्गात घातले. हे वर्गीकरण उपयुक्त असले तरी आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येत नाही. जालन्याच्या काळ्या रानात नांगर पुरुषाचा हे खरे, पण खुरपे, विळा आणि वेचणीची ओटी स्त्रीची. आणि हंगामातील किती दिवस नांगर चालतो व किती दिवस खुरपे, हे मोजले तर ‘पुरुषांची शेती’ हे नाव फारसे टिकत नाही. असो. बोसरूप यांच्या ग्रंथाने चर्चेची दिशा बदलली, आणि १९७५ च्या मेक्सिको येथील जागतिक महिला परिषदेनंतर साहाय्य देणाऱ्या संस्थांना या प्रश्नाकडे पाठ फिरविणे अशक्य झाले.

गांबिया या पश्चिम आफ्रिकेतील चिमुकल्या देशाचा अनुभव या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. तेथे नदीकाठच्या दलदलीत भात पिकविणे हे परंपरेने स्त्रियांचे काम. १९६६ ते १९७४ या काळात तैवानच्या तज्ज्ञांनी तेथे ओलिताचे भात आणले ते पुरुषांना शिकवून. परिणामी स्त्रियांच्या ज्ञानाचा उपयोग झाला नाही आणि भाताचे गणितही जमले नाही. जेनी डे यांनी १९८१ मध्ये यावर टीका प्रसिद्ध केली. १९८४ मध्ये जहाली-पाचार हा मोठा ओलिताचा प्रकल्प आला, तेव्हा ही चूक टाळण्याचे ठरले. या प्रकल्पाला साहाय्य करणाऱ्यांत आंतरराष्ट्रीय कृषि विकास निधी, म्हणजे ‘इफाड’, ही रोम येथील संस्था प्रमुख होती. भूखंड स्त्रियांच्या नावे नोंदविले गेले. तक्त्याच्या दृष्टीने पाहता याहून अधिक काय हवे?

भूगोलतज्ज्ञ ज्युडिथ कार्नी यांनी पुढे जे दाखविले ते असे. तेथील मांडिंका समाजात शेते दोन प्रकारची : कुटुंबाच्या सामाईक कोठारासाठी पिकवावयाचे ‘मारुओ’ शेत, ज्यावर सर्वांनी राबावयाचे आणि ज्याचे पीक कुटुंबप्रमुखाच्या ताब्यात, आणि व्यक्तीचे स्वतःचे ‘कामान्यांगो’ शेत, ज्याचे पीक तिचे तिला. ओलिताचे भूखंड स्त्रीच्या नावे नोंदले गेले, परंतु घराघरात ते ‘मारुओ’ ठरविण्यात आले. वर्षातून दोन पिके, म्हणजे स्त्रीचे श्रम दुप्पट. पीक मात्र घरच्या कर्त्याचे. नाव तिचे, कष्ट तिचे, धान्य त्याचे. स्त्रियांनी हे मुकाट्याने स्वीकारले नाही; कित्येकींनी श्रमाचा मोबदला मागितला, काहींनी काम नाकारले. सहभाग्याला न सुचणारी आणि भागीदाराला सहज सुचणारी ही कृती होय.

या उदाहरणाचा आपल्याशी संबंध केवळ साम्याचा नाही. तीच ‘इफाड’ संस्था पुढे महाराष्ट्रात आली. तिच्या अर्थसाहाय्याने महिला आर्थिक विकास महामंडळाने २००७ ते २०१८ या काळात ‘तेजस्विनी’ हा ग्रामीण महिला सक्षमीकरण कार्यक्रम राज्याच्या ३३ जिल्ह्यांत राबविला; जालना त्यांपैकी एक. बचत गट, गटांचे ग्रामस्तरीय संघटन आणि त्यांवर लोकसंचालित साधन केंद्रे अशी त्याची बांधणी होती. या कार्यक्रमाचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. सावकाराकडे न जाता अडीनडीला पैसा मिळू लागला. बँकेत पाऊल न ठेवलेल्या स्त्रिया खाती चालवू लागल्या. आणि ही केंद्रे प्रकल्प संपल्यावरही आपल्या उत्पन्नावर चालावीत अशी योजना होती. गटाची वही स्त्रिया स्वतः पाहतात, या अर्थाने येथे सहभाग भागीदारीच्या बराच जवळ पोहोचला. २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘नव तेजस्विनी’ने हेच काम उद्योगाच्या दिशेने नेण्याचे योजिले.

तथापि या वाङ्मयातील ‘यशोगाथा’ नावाचा प्रकार एकदा व्याकरणाच्या नजरेने वाचावा. यशोगाथेतील स्त्री बहुधा चतुर्थी विभक्तीत असते : तिला कर्ज मिळाले, तिला मार्गदर्शन लाभले, तिला आत्मविश्वास आला. ‘तिने’ ही तृतीया क्वचित. आलीच तर ‘तिने परतफेड केली’ येथे. आणि जेथे जमीन, पाणी, बाजार यांचा प्रसंग येतो तेथे वाक्याचा कर्ताच नाहीसा होतो : तळे घेण्यात आले, बाग लावण्यात आली, माल विकण्यात आला. कोणी घेतले, कोणी विकला? ‘करण्यात आले’ हा शासकीय मराठीचा लाडका प्रयोग कर्त्याला लपविण्यासाठीच जणू सिद्ध झालेला आहे. गांबियातील भूखंडांचा अहवाल मराठीत लिहिला असता तर ‘भूखंड महिलांच्या नावे करण्यात आले’ या एका वाक्यात सर्व प्रकरण मिटले असते.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. पाण्याचा आणि जमिनीचा प्रकल्प एकीकडे, स्त्रियांचा प्रकल्प दुसरीकडे. शेततळे कृषि विभागाकडे. शिवणयंत्र, शेळी आणि पापड महिला विभागाकडे. मोठे कर्ज सातबाऱ्याच्या मार्गाने, लहान कर्ज गटाच्या मार्गाने. हा विभाग कोणी दुष्ट हेतूने केला नाही. खात्यांच्या रचनेतून तो आपोआप झाला. पण परिणाम असा की, स्त्री ज्या कामात सर्वाधिक राबते त्या शेतीत ती ‘घटक’ राहते, आणि ज्या जोडधंद्यात ती थोडी राबते तेथे तिचे सक्षमीकरण होते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. समितीवर बसणे, सभेत जाणे, नाव पुकारले जाणे, यालाही स्वतंत्र मूल्य आहे. आज गप्प बसलेली उद्या बोलेल. आणि हिशेब मागण्याची तयारी उपस्थितीतूनच होते. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांस निम्मी स्थाने आहेत. त्या अनुभवातून असे बोलणे निघालेले आहे, आणि ते बव्हंशी खरे आहे. आमचे म्हणणे एवढेच की, उपस्थिती ही तयारी असेल तर ती तयारी म्हणूनच नोंदवावी. फळ म्हणून नोंदवू नये. तयारी कशाची, हे ज्या अहवालात सांगितलेले नाही, त्यातील उपस्थितीचा आकडा वाचकाला कोठेच नेत नाही.

कृषि संजीवनी प्रकल्पाचा दुसरा टप्पा आता २१ जिल्ह्यांसाठी योजिलेला असून त्यात जालना पुन्हा आहे. त्या निमित्ताने अभ्यासकाला वाचावयास तीन प्रकारचे कागद मिळू शकतात. पहिला आठ-अ, ज्यावरून खातेदार आणि सहखातेदार कळतात. परंतु सहखातेदार असलेल्या पत्नीच्या संमतीविना अर्ज झाला की संमतीने, आणि अनुदान दोघांच्या खात्यात आले की एकाच्या, हे त्याच्याशी अर्ज ताडून पाहावे लागेल. दुसरा समितीचे इतिवृत्त. त्यात स्त्री सदस्यांची नावे शेवटी असतात, पण ठराव कोणी मांडला व कोणी अनुमोदन दिले ही नावे मध्ये असतात, आणि ती अधिक महत्त्वाची. तिसरा कागद म्हणजे मोंढ्यावरील पट्टी. कापूस, सोयाबीन वा मोसंबी विकल्यावर ती ज्याच्या नावाने फाडली जाते, त्याच्या हाती वर्षाचे उत्पन्न पडते. गांबियाच्या स्त्रियांचे भांडण अखेर याच कागदाचे होते. प्रकल्पांच्या तक्त्यांत ती पट्टी सहसा येत नाही. ती आडत्याच्या दुकानात, त्याच्या वहीला टाचलेली असते.